निनावी टपालाचे टप्पेकरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात चंद्रपूर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर दरवर्षी देणगीदारांची यादी छापली जाते. तिची मुद्रिते तपासण्याचे काम गेली कित्येक वर्षे आमच्याकडे आहे. त्या यादीत मोठ्या रकमा ठळक टाइपात असतात, लहान रकमा बारीक टाइपात असतात, आणि अधूनमधून एखादी ओळ अशी येते : ‘एक ज्ञातिहितेच्छू, रु. ५०१, गुप्तदान.’ एके वर्षी आम्ही कुतूहलाने तेव्हाच्या चिटणिसांस विचारले की, हा गृहस्थ कोण? ते म्हणाले, ‘मास्तर, पाकीट मला एका पोराने आणून दिले. पोराला कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दिले. दुकानदाराला कोणी दिले हे मी विचारले नाही, तुम्हीही विचारू नका.’ आम्हांस त्या वेळी हे उत्तर थोडे उद्धट वाटले. आज ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली आहे त्याचे सगळे मर्म त्या उत्तरात होते, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

विषय असा. गेल्या आषाढात आपल्याच चार तरुण सभासदांनी कार्यकारी मंडळापुढे एक अर्ज ठेवला. आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या वाचनालयात जो जुना संगणक व इंटरनेटची जोडणी आहे, तिचा रिकामा वेळ ‘टॉर’ नावाच्या जागतिक व्यवस्थेच्या सेवेस द्यावा, म्हणजे तेथे एक स्वयंसेवी रिले चालवावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभेत गोंधळ झाला. कोणी म्हणाले, हे चोरांचे काम आहे. कोणी म्हणाले, गडचिरोलीसारख्या जिल्ह्याचे आपण लोक, पोलिस दारात आले तर मुलांच्या नोकऱ्यांचे काय? मत घेण्यात आले तेव्हा विरोधात जे हात वर झाले त्यांत आमचाही हात होता. अखेर अध्यक्षांनी तोड काढली की, ज्याला संगणकातले सर्वांत कमी समजते अशा एका वृद्ध सभासदाने विषयाचा अभ्यास करावा आणि संमेलनात सर्वांस कळेल अशा भाषेत तो मांडावा. निवड आमची झाली. आम्ही जुने मॅट्रिक. पुतण्याकडून, वाचनालयातून, आणि काही आमच्या माजी विद्यार्थ्यांकडून जे शिकलो ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम साध्या इंटरनेटची रीत पाहू. मोबाइलवर आपण एखादे पान मागतो तेव्हा त्या मागणीबरोबर आपल्या जोडणीचा एक क्रमांक जातो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. पत्र उत्तरासहित परत यावयाचे तर पाठविणाऱ्याचा पत्ता लिहावाच लागतो, तसे हे आहे. आतला मजकूर आजकाल बहुधा कुलूपबंद असतो. परंतु पाकिटावरचे दोन पत्ते, कोणाकडून आणि कोणाकडे, हे उघडेच राहतात. जोडणी देणारी कंपनी ते पाहू शकते आणि ज्याच्याकडे मागणी गेली तोही पाहतो. आणि नुसत्या पाकिटांवरून माणसाविषयी किती कळते, हे कोणत्याही खेड्यातल्या पोस्टमनला विचारावे. कोणाच्या घरी न्यायालयाची पाकिटे येतात, कोणाकडे रुग्णालयाची, हे एकही पाकीट न फोडता त्याला ठाऊक असते. आपल्याकडचे पोस्टमन भले म्हणून गावे नांदली.

आता जुनी डाक आठवा. आमचे वडील सांगत की, चांद्याहून सिरोंच्याकडे डाक जंगलातून हरकाऱ्यांच्या खांद्यावरून जाई. एक हरकारा सबंध वाट चालत नसे. घुंगरांची काठी वाजवीत तो आपल्या टप्प्यापर्यंत जाई, तेथे पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर देई आणि माघारी फिरे. टॉरची व्यवस्था अशीच टप्प्यांची आहे. रिले म्हणजे टप्पा, आणि तो चालविणारा टप्पेकरी. आम्ही आपले हेच शब्द वापरणार आहोत. फरक पिशवीत आहे. टॉरमध्ये पत्र एकात एक अशा तीन पाकिटांत घातले जाते, आणि प्रत्येक पाकिटाची किल्ली एकेका टप्पेकऱ्याजवळच असते. पहिला टप्पेकरी बाहेरचे पाकीट उघडतो; आत त्याला दुसऱ्याचा पत्ता दिसतो, बाकी काही नाही. दुसरा आपले पाकीट उघडतो, त्याला तिसऱ्याचा पत्ता दिसतो. तिसरा शेवटचे पाकीट उघडतो आणि पत्र मुक्कामी पोचवितो. पत्र कोणाचे हे पहिल्याला ठाऊक असते, पण ते कोठे चालले हे ठाऊक नसते. कोठे चालले हे तिसऱ्याला कळते, पण कोणाचे हे कळत नाही. मधल्याला दोन शेजाऱ्यांपलीकडे काहीच कळत नाही. आमच्या चिटणिसांचा पोरगा, दुकानदार आणि ते स्वतः, हे तिघे असेच होते. एकावर एक पापुद्रे म्हणून या रीतीला इंग्रजीत कांद्याचे नाव पडले आहे.

ही वाट नवीन कामासाठी साधारण दर दहा मिनिटांनी बदलते. पहिला टप्पेकरी मात्र मुद्दाम महिनोन् महिने तोच ठेवतात. याचे आम्हांस प्रथम नवल वाटले. कारण विचारले तेव्हा पुतण्या म्हणाला, ‘काका, रोज नवा नोकर घरात घेतला तर केव्हा ना केव्हा चोर येणारच. पारखलेला एक ठेवलेला बरा.’ हे पटले. तसेच या युक्तीची मर्यादाही सांगितली पाहिजे. चांद्याच्या नाक्यावर एक मनुष्य आणि सिरोंच्याच्या नाक्यावर दुसरा मनुष्य घड्याळ लावून बसला, आणि येथून घुंगरू केव्हा निघाले व तेथे केव्हा पोचले हे दोघांनी ताडून पाहिले, तर पाकीट न फोडताही त्यांना पुष्कळ समजेल. दोन्ही टोके एकाच वेळी पाहणाऱ्या बलाढ्य सत्तेपुढे टॉर अपुरे पडते, आणि हे ते बनविणारे स्वतःच सांगतात. शिवाय जो मनुष्य टॉरमधून जाऊन आपले नाव-गाव स्वतःच लिहून देतो, त्याला कोणतीही पाकिटे वाचवीत नाहीत.

ही विद्या कोठून आली, हेही ऐकण्यासारखे आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी तिची मांडणी केली. सरकारी माणसांनी परदेशातून दळणवळण केले तर ते कोणाचे हे कळू नये, असा हेतू होता. पुढे रॉजर डिंगलडाइन व निक मॅथ्यूसन हे तरुण त्यास मिळाले, २००२ मध्ये टॉरचे जाळे सुरू झाले आणि त्याचे अंतरंग सर्वांस पाहण्यास व वापरण्यास खुले करण्यात आले. २००६ मध्ये ते चालविण्यासाठी ना-नफा संस्था निघाली. नौदलाने आपले हत्यार लोकांस का दिले, असा प्रश्न आपणांस पडेल. उत्तर महाकालीच्या चैत्री यात्रेत मिळते. यात्रेत साध्या वेषातले पोलिस फिरतात आणि ते ओळखू येत नाहीत, कारण भोवती हजारो भाविक असतात. उद्या यात्रेस केवळ साध्या वेषातले पोलिसच आले तर लहान मूलसुद्धा त्यांना बोट दाखवील. लपावयाचे तर गर्दी हवी, आणि ती नाना प्रकारच्या लोकांची हवी. म्हणून ज्याला काहीच लपवावयाचे नाही असा मनुष्यही या गर्दीत आला, तर तो दुसऱ्याला आडोसा देतो.

टप्पे मात्र पगारी नाहीत. जगभर मिळून सात-आठ हजारांच्या आसपास रिले चालतात, ते विद्यापीठे, संस्था आणि साधी माणसे आपल्या खर्चाने चालवितात. रोज वापरणाऱ्यांची संख्या वीस लाखांच्या वर असावी असा अंदाज केला जातो. नक्की मोजता येत नाही, आणि मोजता आली असती तर व्यवस्थाच फसली असे म्हणावे लागले असते. कोणते टप्पे चालू आहेत याची यादी नऊ विश्वासू ठिकाणांच्या बहुमताने दर तासाला प्रसिद्ध होते. ती यादी उघड आहे. टप्पेकरी लपलेला नसतो, ही गोष्ट ज्यांना चोरांची शंका आहे त्यांनी ध्यानात घ्यावी. प्याऊ घालणारा रस्त्यावर बसतो. पाणी पिणाऱ्याचे नाव मात्र तो विचारीत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. निनावी टपालाशी आपला संबंध नाही असे जे सभेत म्हणाले, त्यांना चिमूरचा विसर पडला होता.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोक रस्त्यावर उतरले. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो मुलूख आधीच चेतलेला होता. गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा हुतात्मा झाला. जमाव भडकला आणि डुंगाजी व सोनवणे या अधिकाऱ्यांसह काही जण मारले गेले. काही दिवसांनी गोऱ्या सैनिकांसह फौज गावात आली. पुरुष धरून नेण्यात आले, आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले ते या व्यासपीठावरून सविस्तर सांगण्याची आमची छाती नाही. मुद्दा असा की, ही वार्ता बाहेर जाऊ नये असा सरकारचा कडेकोट बंदोबस्त होता. वृत्तपत्रांवर निर्बंध होते. डॉ. मुंजे यांच्यासारखे, काँग्रेसशी मुळीच न पटणारे पुढारीही चिमूरला जाऊन हकीकत ऐकून आले. सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी उपवास आरंभिला. तो त्रेसष्ट दिवस चालला आणि जानेवारी १९४३ मध्ये संपला. त्या उपवासाची बातमी छापण्यासही मनाई झाली, तेव्हा ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील वृत्तपत्रांनी निषेधार्थ हरताळ पाळला.

परंतु त्याही आधी चिमूरची आणि आष्टीची हकीकत एका मार्गाने देशाच्या कानांवर गेली होती. तो मार्ग म्हणजे मुंबईचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस उषा मेहता ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे सहकारी यांनी ४२.३४ मीटरवर हे केंद्र सुरू केले. आपण भारतात कोठून तरी बोलत आहोत, एवढेच ते श्रोत्यांस सांगत. बातम्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसांकरवी मुंबईत येत, आणि संध्याकाळी त्या हवेत सोडल्या जात. डॉ. राममनोहर लोहिया व आपले अच्युतराव पटवर्धन यांसारख्या भूमिगतांचा त्यामागे हात होता. पोलिसांच्या शोधक गाड्या फिरत म्हणून जागा वरचेवर बदलावी लागे. चितगावचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियाचा उठाव, आणि आपले चिमूर, ही सर्व त्या केंद्रावरून ऐकविण्यात आली, असे उषाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. म्हणजे चांद्याच्या अरण्यातील एका गावाचे दुःख गिरगावातल्या एका खोलीतून देशभर गेले. मधल्या वाटेवर ते कोणाकोणाच्या खांद्यावरून गेले याची नोंद कोठे नाही. ती नोंद नव्हती म्हणूनच ते गेले. आणि अशी गोष्ट तोंडातून काढणाऱ्या स्त्रीचे नाव जाहीर होणे म्हणजे काय, हे ज्ञातीत राहणाऱ्या कोणास समजावून सांगण्याची गरज नाही.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण चालू असतानाच पोलिसांनी दार फोडले. त्यांच्याच एका तंत्रज्ञाकडून ठावठिकाणा लागला होता. उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली. आम्ही हा प्रसंग पुष्कळदा वर्गात सांगितला, परंतु फितुरीची निंदा करून पुढे जात असू. आता टॉरची रचना समजल्यावर वाटते की, दोष एका माणसाचा होता तितकाच रचनेचाही होता. एकाच माणसास सर्व ठाऊक होते. तो धरला गेला, दमला, भ्याला, की सर्व गेले. टॉरच्या कर्त्यांनी माणसाच्या धैर्यावर भिस्त ठेवलीच नाही. टप्पेकऱ्याला काही ठाऊकच नसते, तर तो सांगणार काय? मोठ्या धीराच्या गप्पा मारणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट थोडी बोचते, पण ती खरी आहे.

चिमूर-आष्टीच्या कैद्यांच्या फाशीच्या शिक्षा पुढे १९४५ मध्ये रद्द होऊन जन्मठेप झाली. त्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी केलेले परिश्रम हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आणि मंडळाने तो पुढील वर्षी एखाद्या भगिनीकडे सोपवावा.

आता आक्षेपांकडे वळू. टॉरचा दुरुपयोग होतो काय? होतो. सिल्क रोड नावाचा मादक पदार्थांचा बाजार या आडोशाने चालला होता. तो २०१३ मध्ये अमेरिकी पोलिसांनी मोडला. तो मोडताना त्यांना सगळी पाकिटे फोडावी लागली नाहीत. चालकाने आरंभीच्या काळात आपल्या खऱ्या ई-मेलचा मागमूस ठेवला होता, तो सापडला. म्हणजे पोलिसांची जुनी चिकाटी अजून उपयोगी पडते. तरीही मुलांच्या छळाची चित्रे पसरविणारे दुष्ट लोक या मार्गाने जातात, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. येथे मनाची समजूत घालणारे उत्तर आमच्याजवळ नाही. रस्त्याने चोर जातो म्हणून रस्ता खणून टाकावा असे आम्हांस वाटत नाही, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप आपल्या मुलखाचा. गडचिरोलीत ‘खबऱ्या’ या एका शब्दापायी माओवाद्यांच्या हातून किती माणसे गेली हे आपण जाणता. आणि उलट बाजूने, नक्षलवाद्यांना भाकरी दिली या संशयावरून चौकशीस सामोरी गेलेली माणसेही आपण पाहिली आहेत. अशा ठिकाणी ‘निनावी’ हा शब्द उच्चारताच दोन्हीकडचे कान टवकारतात. परंतु थोडा विचार करा. खाणीविषयी, वनहक्काविषयी, शिधावाटपातील चोरीविषयी एटापल्ली-भामरागडकडील एखाद्या मनुष्यास वृत्तपत्राला काही कळवावयाचे असेल, तर त्याला दोन्हीकडून भीती आहे. नाव न लागता सांगता यावे याची निकड पुण्या-मुंबईपेक्षा तेथे अधिक आहे. तेथे जोडणीच धड लागत नाही, ही गोष्ट निराळी.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटला. टॉर वापरू नये किंवा रिले चालवू नये असा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. दुसऱ्या बाजूने २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने व्हीपीएन आणि भाड्याचे सर्व्हर देणाऱ्यांस ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचे निर्देश दिले. वारा कोणत्या दिशेचा आहे हे यावरून दिसते.

येथे टप्प्यांमधला भेद महत्त्वाचा आहे. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या टप्पेकऱ्याचाच पत्ता मुक्कामी दिसतो. कोणी धमकीचे पत्र धाडले तर पोलिस प्रथम त्याच्याच दारी येणार. मॉस्कोतील द्मित्री बोगातोव नावाच्या गणिताच्या शिक्षकाचे असेच झाले. तो घरून असा शेवटचा टप्पा चालवीत असे. दुसऱ्याच कोणी लिहिलेल्या चिथावणीखोर मजकुराखाली त्याचा पत्ता निघाला आणि एप्रिल २०१७ मध्ये त्यास अटक झाली. काही महिने तुरुंग, मग घरातच स्थानबद्धता, आणि २०१८ मध्ये आरोप मागे. गणित शिकविणारा मनुष्य आणि हातात बेड्या! आम्हीही तोच विषय शिकविला, म्हणून असेल, ही हकीकत वाचून आम्हांस रात्री झोप लागली नाही. टॉर संस्थादेखील सांगते की शेवटचा टप्पा घरून चालवू नये. पहिला व मधला टप्पा चालविणाऱ्यावर असा प्रसंग सहसा येत नाही, कारण त्याचा पत्ता मुक्कामावर कोठेच उमटत नाही.

वाचनालयाचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातील लेबनन या छोट्या शहरी किल्टन वाचनालयाने २०१५ च्या उन्हाळ्यात रिले सुरू केला. केंद्रीय गृहसुरक्षा खात्याकडून स्थानिक पोलिसांस कळले, पोलिस वाचनालयाशी बोलले, आणि रिले थांबविण्यात आला. मग सप्टेंबरमध्ये विश्वस्तांची सभा भरली, गावकरी आले, बोलले, आणि विश्वस्तांनी तो पुन्हा सुरू ठेवला. पोलिसांनी दार फोडले नाही, वाचनालयाने पोलिसांना शिव्या दिल्या नाहीत. आम्हांस त्या सभेचा हेवा वाटतो.

आता ज्या कारणाने आमचे मत पालटले ते सांगतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार किती घरांत आहे, हे वेगळे सांगावयास नको. ज्याच्या रक्तात हा दोष एकेरी असतो तो वाहक. तो बहुधा ठणठणीत असतो. परंतु दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्यास चारांत एक या प्रमाणात आजाराचा संभव असतो. एका सायंकाळी आपल्याच ज्ञातीतील एक विद्यार्थी आमच्या घरी आला. महाविद्यालयाच्या तपासणीत तो वाहक निघाला होता. त्याने घाबरून घरातल्या एकुलत्या मोबाइलवर आठवडाभर त्याविषयी वाचले. पुढे त्या मोबाइलवर त्याच आजाराच्या रुग्णालयांच्या आणि औषधांच्या जाहिराती येऊ लागल्या. मोबाइल वडिलांच्या हाती, काकांच्या हाती, पाहुण्यांच्या हाती. बहिणीचे ठरत आलेले लग्न मोडले. मुलाने कोणास काही सांगितले नव्हते, यंत्राने सांगितले.

यावर कोणी म्हणेल की, बरे झाले, लपविलेले उघडे पडले. आम्हीही प्रथम तसेच म्हणणार होतो. लग्नाआधी दोन्हीकडची रक्ततपासणी व्हावी आणि निकाल एकमेकांस मोकळेपणाने सांगावा, या मताचे आम्ही आहोत, व आपल्या वधूवर परिचय पत्रकात तसा रकाना असावा असा ठराव आम्हीच मागे आणला होता. तो फेटाळला गेला हे सोडून द्या. परंतु सांगणे आणि सांगितले जाणे यांत अंतर आहे. त्या मुलीची तर तपासणीच झाली नव्हती! मुलगा वाचून, समजून, धीर धरून आपल्या तोंडाने घरी बोलला असता तर गोष्ट निराळी होती. वाचण्यापुरता चार भिंतींचा आडोसा त्याला मिळावयास हवा होता. टॉरच्या ब्राउझरने जाहिरातवाल्यांचा हा पाठलाग बहुतांशी चुकतो, आणि बंद केल्यावर तो काय वाचले याची यादी मागे ठेवीत नाही. घरातल्या माणसांच्या डोळ्यांवर मात्र त्याचा इलाज नाही, हे त्या मुलासही सांगितले.

हा मुलगा निघून गेल्यावर आम्ही पुतण्यास विचारले की, तुझा तो रिले आपल्या घरी लाव पाहू. तेव्हा कळले की घरी तो लागत नाही. साधा टप्पा चालवावयाचा तर जोडणीस स्वतःचा जाहीर पत्ता हवा, वेग निदान दहा मेगाबिट हवा, महिन्यास निदान शंभर गिगाबाइट मजकूर बाहेर व तितकाच आत जाऊ देण्याची तयारी हवी, आणि यंत्र रात्रंदिवस चालू हवे. आमच्या घरच्या जोडणीस स्वतंत्र पत्ताच नाही. चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांस मिळून एक घरक्रमांक असावा तसा तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. शिवाय आमच्या पेठेतली वीज!

मग त्याने एक धाकटी सेवा दाखविली. तिचे नाव स्नोफ्लेक, म्हणजे हिमकण. ज्या देशांत सरकारने टॉरची वाटच बंद केली आहे, तेथील मनुष्यास पहिल्या टप्प्यापर्यंत पोचविणारा हा साकव आहे. ब्राउझरमध्ये एक लहानशी जोड बसविली की आपला संगणक चालू असेतो साकव उभा राहतो, बंद केला की विरघळतो, आणि दुसरीकडे दुसरा तयार होतो; म्हणून अडविणाऱ्यास ते सगळे मोजून बुजविणे अवघड जाते. रशियात डिसेंबर २०२१ पासून टॉरची अडवणूक सुरू झाली तेव्हा, आणि २०२२ च्या शरदात इराणात एका तरुणीच्या मृत्यूवरून व स्त्रियांच्या हक्कांवरून आंदोलन पेटले तेव्हा, हजारो लोक असल्या साकवांवरून गेले. यात आपला पत्ता मुक्कामी दिसत नाही, कारण साकवापलीकडे टॉरचे टप्पे आहेतच. चंद्रपूरच्या सत्तेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आमच्या ओसरीवरच्या संगणकात हा हिमकण गेले आठ महिने आहे. गेल्या चोवीस तासांत किती जणांस साहाय्य झाले, एवढा एक आकडा तो दाखवितो. कधी तीन, कधी चौदा. वीज गेली त्या दिवशी शून्य. आमच्या सौभाग्यवती रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झाल्यावर तो आकडा पाहतात; त्यांनी यावर कधी मत दिले नाही, परंतु पावसाळ्यात वीज वरचेवर जाऊ लागली तेव्हा इन्व्हर्टर घ्या असे त्यांनीच सुचविले.

एवढ्या अभ्यासानंतर आमचे म्हणणे असे आहे. वसतिगृहात शेवटचा टप्पा कदापि चालवू नये. परक्याच्या पापाचा पहिला जाब गरिबाच्या मुलाने द्यावा हे बरोबर नाही. मधल्या टप्प्याचा अर्ज तूर्त बाजूस ठेवावा, कारण तेथील जोडणीस तो पेलणारच नाही, आणि अर्ज करणाऱ्या तरुणांनी हे आधी तपासले नव्हते, हे त्यांस सांगितले पाहिजे. हिमकण मात्र वाचनालयात बसवावा. तो बसविण्यापूर्वी आपल्या जोडणीच्या कंपनीच्या अटी वाचाव्यात, एका वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि मंडळाचे एक पत्र स्थानिक पोलिस ठाण्यात आपण होऊन द्यावे. या शेवटच्या कलमास पुतण्याचा विरोध आहे. तो म्हणतो, प्याऊ घालण्यास परवानगी कशाला? आमचे म्हणणे, परवानगी मागू नये, माहिती द्यावी. मुले आपली आहेत. यावर काका-पुतण्यांचे अजून जुळलेले नाही. तसेच वाचनालयातील तिन्ही संगणकांवर टॉरचा ब्राउझर घालून ठेवावा, म्हणजे कोणा मुलास आजाराविषयी वा आणखी कशाविषयी वाचावयाचे असेल तर घरच्या मोबाइलवर वाचण्याची पाळी येणार नाही. त्यास खर्च काही नाही.

ठराव उद्या सकाळी साडेनऊ वाजता सर्वसाधारण सभेपुढे येईल. भोजनोत्तर पुतण्या मांडवाच्या मागच्या खोलीत हिमकण चालवून दाखविणार आहे. वीज मंडपवाल्याकडून घेतली आहे, तेव्हा पंखे थोडा वेळ मंद फिरतील. ज्यांना शंका असतील त्यांनी त्या चिठ्ठीवर लिहून दाराशी ठेवलेल्या डब्यात टाकाव्यात. आम्ही आज रात्री बसून सर्वांची उत्तरे तयार करू. चिठ्ठीवर नाव घातले नाही तरी चालेल. मात्र अक्षर सुवाच्य असावे.